तीन हजार फूट, एक हिवाळा

बेन नेव्हिस हा अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. उंची १,३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने बुटका. त्यामुळे स्कॉटलंडमध्ये कुणीतरी एकाच हिवाळ्यात सगळी 'मन्रो' शिखरं, म्हणजे तिथले तीन हजार फुटांवरचे स्वतंत्र डोंगर, केली, असं वाचल्यावर सह्याद्रीत फिरणाऱ्याला आधी हसूच येतं. शिखरं २८२ आहेत हे कळलं की ते ओसरतं. आणि २१ डिसेंबरला उत्तर स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेस शहरात सूर्य नऊच्या सुमारास उगवून साडेतीनला मावळतो हे कळलं की पुरतं जातं.

हे सगळं सुरू झालं एका यादीपासून. १८८९ मध्ये स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लब स्थापन झाला, तेव्हा देशात तीन हजार फुटांवरचे डोंगर तीसेक असावेत असा समज होता. क्लबचे एक सभासद सर ह्यू मन्रो यांनी नकाशे पिंजून काढले, बॅरोमीटर घेऊन डोंगर पालथे घातले आणि १८९१ मध्ये क्लबच्या नियतकालिकात यादी छापली. माथे ५३८, त्यांतले 'स्वतंत्र डोंगर' २८३. स्वतंत्र कशाला म्हणायचं, याचा नेमका नियम मात्र त्यांनी दिला नाही. दोन माथ्यांमधली खिंड किती खोल हवी, अंतर किती हवं, हे तारतम्यावर सोडलं, आणि क्लब आजही बराचसा तारतम्यानेच निर्णय घेतो.

तीन हजार हा आकडा फुटांत गोल आहे, एवढंच त्याचं माहात्म्य. मीटरमध्ये तो ९१४.४ असा वेडावाकडा होतो. पण नियम म्हणजे नियम. फिशरफील्ड भागातल्या एका डोंगराची उंची नव्याने मोजली तेव्हा ती ९१३.९६ मीटर भरली. हातभर कमी! २०१२ मध्ये तो यादीतून गेला आणि २८३ चे २८२ झाले.

खुद्द मन्रोंची सगळी शिखरं चढून झालीच नाहीत. केर्नगॉर्म भागातलं एक सोपं शिखर त्यांनी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलं होतं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते राहिलेलंच होतं. पुढे १९८१ च्या आवृत्तीत तेच शिखर 'स्वतंत्र' नाही असं ठरवून खालच्या वर्गात टाकलं गेलं. सगळी शिखरं पहिल्यांदा पूर्ण केल्याचा मान रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांना दिला जातो. १९०१ मध्ये ग्लेन्कोतल्या शेवटच्या माथ्यावर पोचल्यावर त्यांनी आधी दगडांच्या राशीचं चुंबन घेतलं आणि मग पत्नीचं, अशी आठवण सांगतात. बेन विव्हिसवरून ते एकदा पावसामुळे माघारी फिरले होते आणि पुन्हा गेल्याची नोंद सापडत नाही, म्हणून काही चिकित्सक अजूनही नाक मुरडतात. ट्रेकर मंडळी सगळीकडे सारखीच.

पहिली कित्येक वर्षं ही आयुष्यभर, सुट्ट्या जोडून जोडून करायची गोष्ट होती. १९७४ मध्ये हॅमिश ब्राउन यांनी ११२ दिवसांत एका दमात सगळी शिखरं केली आणि खेळाची चालच बदलली. एका दमात होतं म्हटल्यावर पुढचा प्रश्न उरला तो हिवाळ्याचा.

तो मार्टिन मोरन यांनी सोडवला. २१ डिसेंबर १९८४ ला सुरुवात, १३ मार्च १९८५ ला शेवट. तेव्हाच्या यादीतली २७७ शिखरं, ८३ दिवस. म्हणजे रोज तीनाहून जास्त. पत्नी जॉय सोबतीला, मुक्काम मोटारघरात. एका पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्यापर्यंत गाडी वापरायची, हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं. २००५-०६ च्या हिवाळ्यात स्टीव्ह पेरी यांनी गाडीही वगळली आणि सगळं पायीच जोडलं, बेटांपुरती काय ती बोट.

या हिवाळ्याची हद्द पंचांगाने ठरते, साधारण २१ डिसेंबर ते २० मार्च. फेब्रुवारीत बर्फ वितळून चिखल झाला तरी चालतं; एप्रिलमध्ये हिमवादळात चढलात तर ते मोजत नाहीत. आणि मार्च आला म्हणून सुटलो असंही नाही. केर्नगॉर्मच्या माथ्यावर ताशी १७३ मैल वाऱ्याची नोंद झाली ती २० मार्च १९८६ ला. तिथल्या पठारावर बर्फ आणि ढग एक झाले की पायाखालची जमीन कुठे संपते तेच दिसत नाही. होकायंत्र धरून पावलं मोजत चालावं लागतं. त्यातून स्काय बेटावरचा इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल. यादीतलं हे एकच शिखर दोर लावून चढतात आणि दोरावरूनच उतरतात. लिंगाण्यावर गेलेल्यांना कल्पना येईल, फक्त कातळाच्या त्या पातळ पात्यावर बर्फाचा थर चढवून बघा.

पुढे मोरन यांनी गाइड म्हणून कारकीर्द केली आणि हिमालयाशी त्यांचं जुनं नातं जुळलं. मे २०१९ मध्ये नंदादेवी पूर्वच्या परिसरात हिमप्रपातात त्यांच्यासह आठ जण गेले. इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या पथकाने सात मृतदेह खाली आणले. मोरन यांचा सापडला नाही.

मार्च २०२५ मध्ये अ‍ॅना वेल्स हिने एका हिवाळ्यात २८२ ही शिखरं पूर्ण केली. असं करणारी ती पहिलीच स्त्री. दिवस लागले ८३.