पुरात रेकॉर्ड बुडते, म्हणजे नेमकं काय बुडतं?

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळलं, बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा जवळपास ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. क्लॅरिनेटवादक मायकेल व्हाइट यांचा जुनी वाद्यं, जॅझची दुर्मीळ कागदपत्रं आणि हजारो ध्वनिमुद्रणं असा सगळा संग्रह त्यात बुडाला. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात मॅडलिब या संगीतकाराचं घर जळालं आणि कित्येक दशकांचं जमवलेलं संगीतही. दोन्हीकडे बातमी एकच: रेकॉर्ड गेल्या. पण जाण्या-जाण्यात फरक असतो.

आगीचा हिशेब सरळ आहे. विनाइल, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, ६०-७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. ज्वाळा कपाटापर्यंत पोचायचीही गरज नाही, शेजारच्या खोलीतली धगसुद्धा तबकडी वाकवते. पाण्याचं तसं नाही. एलपीचं, म्हणजे लाँग-प्ले तबकडीचं, हे प्लास्टिक मुख्यतः पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपांच्याच कुळातलं. ते पाणी जवळजवळ शोषत नाही. स्वच्छ पाण्यात दिवसभर पडलेली एलपी पुसून, वाळवून लावली तर बहुधा नीट वाजेल. पण पुराचं पाणी स्वच्छ कधी असतं?

त्यात गाळ असतो, आणि खरा गुन्हेगार तोच. एलपीवरचा चर साधारण ५० ते ६० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद असतो. गाळाचे कण २ ते ६० मायक्रॉनचे, चिकणमातीचे त्याहून बारीक. म्हणजे चरात नेमके मावतील असेच. या चराच्या भिंतींवरची नागमोडी वळणं म्हणजेच आवाज, आणि वरच्या पट्टीतल्या सुरांची वळणं एका मायक्रॉनहूनही लहान असू शकतात. गाळात क्वार्ट्झ असतं, ते या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. वाळलेला चिखल कोरड्या फडक्याने पुसला की हे कण भिंती खरवडत जातात. न धुताच रेकॉर्ड लावली तर आणखी वाईट. सुईचा भार दीड-दोन ग्रॅमच, पण तो इतक्या लहानशा टोकावर येतो की वाटेत सापडलेला कण भिंतीत रुतून बसतो. मग मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला तिथे दर १.८ सेकंदांनी ‘टक्’ ऐकू येणार, कायमचं. म्हणून जाणकार चिखल वाळूच देत नाहीत. तबकडी ओली असतानाच स्वच्छ पाण्याखाली धरतात, चराच्या दिशेने गोल गोल धुतात आणि उभी करून वाळवतात.

कागदाला मात्र एवढीही सवड नसते. भिजलेली कव्हरं फुगतात, घट्ट भरलेल्या कप्प्यात एकमेकांवर रेटतात, गुळगुळीत छपाई शेजारच्या कव्हराला चिकटते. दोनेक दिवसांत बुरशी धरते. ती प्लास्टिक सहसा खात नाही, कागद आणि बोटांचे तेलकट ठसे मात्र तिला पुरतात, आणि तिचे तंतू चरातही शिरतात. गंमत अशी, की दुर्मीळ रेकॉर्डची बाजारातली किंमत बरीचशी या कागदातच असते. मूळ कव्हर गेलं की संग्राहकाच्या लेखी माल निम्म्यावर येतो, चरातला आवाज शाबूत असला तरी. मला हे थोडं विचित्र वाटतं, पण बाजार तसाच आहे. ओळख मात्र पुरती पुसली जात नाही. शेवटचा चर आणि लेबल यांमधल्या गुळगुळीत पट्टीवर मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. प्रकाश तिरपा पाडला की तो वाचता येतो, आणि लेबल गळून पडलेली तबकडी कोणती हे त्यावरून बहुतेक वेळा कळतं.

हे झालं विनाइलचं. १९४८मध्ये एलपी आली, त्याआधीच्या ७८ गतीच्या तबकड्या लाखेच्या, त्यात दगडाची पूड कालवलेली. त्या ठिसूळ असतात आणि बुरशीला आवडतात. शिवाय लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. निर्जंतुक करायचं म्हणून कुणी स्पिरिटचा बोळा फिरवला, तर पुराने जे केलं नाही ते हा बोळा करेल.

सगळ्यांत नाजूक म्हणजे लॅकर डिस्क. अॅल्युमिनियमच्या, आणि दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाल्यावर काचेच्याही, चकतीवर सेल्युलोज नायट्रेटचा लेप. रेडिओ केंद्रं १९३०च्या दशकापासून त्यांवर थेट ध्वनिमुद्रण करत. लेप लवचीक राहावा म्हणून त्यात एरंडेल तेल घालत. वर्षांनुवर्षं ते तेल बाहेर झिरपतं, लेप आकसतो, तडकतो, आणि ओल त्याला आणखी घाई करते. एकदा त्याचे पापुद्रे सुटले की सुई टेकवायला जागाच उरत नाही. छापील एलपीच्या हजारो प्रती निघालेल्या असतात. लॅकर डिस्क बहुधा एकच असते.

तुटक्या तबकड्यांवर अलीकडे एक वेगळा इलाज निघाला आहे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेबर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी आयरीन नावाची यंत्रणा उभारली. ती चराला स्पर्श न करता त्याची सूक्ष्म छायाचित्रं घेते आणि सुई कशी हलली असती हे संगणकाने काढते. दोन तुकडे झालेली तबकडीही अशी ‘ऐकता’ येते. पण काम संथ आहे, आणि गळून वाहून गेलेल्या पापुद्र्याचं छायाचित्र कोण घेणार?

म्हणून पाणी चढत असताना चारच खोकी वर नेता येणार असतील, तर क्रम किमतीवर ठरवू नये. हाताने लिहिलेल्या लेबलांच्या, वजनाला धातूच्या वाटणाऱ्या तबकड्या, म्हणजे लॅकर डिस्क, आधी. मग लाखेच्या. लिलावात भाव खाणाऱ्या छापील एलपी सर्वांत शेवटी, आणि त्यांचे मॅट्रिक्स क्रमांक आधीच टिपून, त्याची प्रत दुसऱ्या गावी ठेवलेली बरी.