अंगावर काढलेलं दुःख

बडोद्यातल्या आमच्या मराठी घरांत १४ जानेवारीचा तिळगूळ संक्रांतीचा असतो आणि गच्ची उत्तरायणाची. सकाळी सातपासून अख्खं शहर वर चढलेलं असतं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याची गच्चीही भरून जायची. आत्या तेवढी खाली असायची. खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून ती तिळाच्या वड्या थापत बसायची. "मला ऊन सोसत नाही," एवढंच सांगायची, आणि कितीतरी वर्षं मला ते खरं वाटत होतं.

पतंग कापला की इथे "लपेट! लपेट!" अशी आरोळी उठते. ती बंद खिडकीतूनही आत यायची. मग तुपाचा हात लावलेली वाटी आत्याच्या हातात तशीच वड्यांवर टेकून राहायची. दोन-तीन श्वास जायचे आणि हात पुन्हा चालू व्हायचा.

१९६८ सालच्या उत्तरायणाला बाळूकाका ढील देत देत मागे सरकला आणि गच्चीच्या ज्या बाजूला कठडा नव्हता तिथून खाली पडला. तो अकरा वर्षांचा होता. फिरकी आत्याच्या हातात होती आणि ती नऊ वर्षांची होती. तेराव्यानंतर आजीने सांगितलं, "आता या घरात त्याचं नाव काढायचं नाही." यात निष्ठुरपणा नव्हता. आणखी चार मुलं वाढवायची होती, तिने काळजावर दगड ठेवला. पण तोच दगड नकळत घरातल्या प्रत्येकाच्या छातीवर आला.

आजार झाला तरी औषधपाणी न करता कामाला लागणं, याला आपण 'दुखणं अंगावर काढणं' म्हणतो. मनाच्या दुखण्याला हा शब्दप्रयोग किती तंतोतंत लागू पडतो, ते गेल्या चाळीस वर्षांतल्या प्रयोगांनी दाखवलं आहे. आत्याची झोप डिसेंबरपासूनच उडायची, पोटात गोळा यायचा. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, रिपोर्ट दर वेळी नॉर्मल.

पन्नास वर्षांनंतरही एक आरोळी हात थांबवते, ती का? मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डाला. धोक्याची खूण ओळखणं हे त्याचं एक मुख्य काम. भीतीच्या क्षणी अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं उसळतात आणि अमिग्डालामार्फत त्या क्षणाची आठवण अधिक घट्ट बसवतात. जेम्स मॅगॉ या शास्त्रज्ञाने अनेक दशकं हेच अभ्यासलं. परवाची भाजी आठवत नाही, पण अपघाताच्या दिवशी अंगावर कोणता फ्रॉक होता ते आठवतं, त्याचं कारण हेच. त्या वेळी आजूबाजूला असलेले आवाज आणि वासही धोक्याच्या खुणा होऊन बसतात. नऊ वर्षांच्या मुलीच्या मेंदूने 'लपेट' हा शब्द असाच नोंदवून ठेवला होता. काळ गेला म्हणून अशी नोंद आपोआप पुसली जातेच असं नाही.

मग ती आठवण नुसती दाबून टाकली तर? १९८७ साली डॅनियल वेगनर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर, आधी दाबून बसलेल्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. काय आठवायचं नाही यावर मनाला सतत पहारा ठेवावा लागतो, आणि पहारेकऱ्याला चोराचा चेहरा विसरून चालत नाही.

या पहाऱ्याचा भार शरीरावर पडतो. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणींना दुःखद चित्रफीत दाखवली. काही जणींना सांगितलं होतं की चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका. त्यांचे चेहरे कोरे राहिले, पण दुःख इतरांइतकंच वाटलं, आणि हृदय व रक्तवाहिन्यांवरचा ताण मात्र वाढला. २००३ मधल्या एका अभ्यासाने तर मला आमचं अख्खं घर दाखवलं. अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांनी एक अस्वस्थ करणारी चित्रफीत पाहून त्यावर बोलायचं होतं. जोडीतल्या एकीला भावना लपवायला सांगितलं होतं, दुसरीला त्याचा पत्ता नव्हता. तरीही त्या दुसरीचाही रक्तदाब वाढला. न बोललेलं दुःख समोरच्यालाही जाणवतं, फक्त त्याला ते कशाचं आहे ते कळत नाही. मी लहानपणापासून उत्तरायणाला कारण नसताना चिडचिड करायचे. आई म्हणायची, उन्हाने होतं.

'गाडलेलं दुःख' हा शब्द आपण सहज वापरतो. त्यामुळे वाटतं, की मनाच्या तळाशी एक पेटी पुरली आहे, ती उकरून रिकामी केली की झालं. मला ही कल्पना अपुरी वाटते, आणि थोडी धोक्याचीही. आत्या काहीच विसरली नव्हती. रोज दाबून धरणं, हेच तिचं न संपणारं काम होऊन बसलं होतं.

जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात आधी अशी माणसं गाठली, ज्यांचा नवरा किंवा बायको अपघातात किंवा आत्महत्येने अचानक गेली होती. त्याविषयी कोणाशी तरी बोललेली माणसं, गप्प राहिलेल्यांपेक्षा पुढच्या वर्षात कमी आजारी पडली होती. मग १९८६ मध्ये सँड्रा बील यांच्याबरोबर त्यांनी 46 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काहींनी साध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक घटनेवर. घटना आणि त्या वेळच्या भावना, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहून झाल्या झाल्या त्यांना हलकं वाटलं नव्हतं. रक्तदाब चढला होता, मन खट्टू झालं होतं. पहिल्याच दिवशी रडू आलं म्हणून वही मिटणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

त्यानंतर असे शेकडो प्रयोग झाले. २००६ साली 146 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरी फायदा खरा निघाला, पण छोटा. हा रामबाण नाही. मला जास्त महत्त्वाची वाटते ती पेनेबेकर यांचीच पुढची नोंद. फायदा कोणाला झाला हे शोधताना त्यांनी लिखाणातले शब्द मोजले. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता लक्षात येतं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांची तब्येत जास्त सुधारली. म्हणजे नुसतं भडाभडा ओकून टाकणं पुरत नाही, घटनेची संगती लागावी लागते. रागाचंही असंच. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन यांनी चिडलेल्या माणसांना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. त्यांचा राग उतरला नाही, उलट वाढला.

शब्दाने नेमकं काय होतं, याची थोडी कल्पना मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ मधल्या मेंदूच्या चित्रणातून येते. रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा पाहताना माणसाने त्या भावनेला 'राग' किंवा 'भीती' असा शब्द निवडला, की अमिग्डालाची हालचाल कमी व्हायची आणि कपाळामागचा, आवर घालणारा एक भाग जास्त काम करू लागायचा. त्या चेहऱ्याला नुसतं एखादं माणसाचं नाव दिलं तर हा परिणाम दिसत नव्हता. भावनेला भावनेचंच नाव लागतं. 'कसंतरी होतंय' आणि 'मला अपराधी वाटतंय' यांत मेंदूच्या दृष्टीनेही अंतर असू शकतं.

आत्याच्या बाबतीत ते नाव तीन वर्षांपूर्वी सापडलं. उत्तरायणाच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी ओट्यावर उंधियूची पापडी निवडत होतो. समोरच्या घराच्या पायरीवर शेजारची मुलगी नवी फिरकी घेऊन बसली होती. तिसरी-चौथीतली असेल. फिरकी तिच्या दोन्ही हातांत मावत नव्हती, मांडीवर टेकवून धरली होती. आत्या बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढीशी होते का गं मी?"

मी "हो" म्हटलं. तिने आणखी तीन-चार शेंगा सोलल्या.

"मला वाटायचं, मी ओरडायला हवं होतं. पण फिरकी धरणारी दोऱ्याकडेच बघते गं. तिने मागे कशाला बघायचं?"

पंचावन्न वर्षं ती स्वतःला एका मोठ्या बाईच्या मापाने दोषी धरत होती. लहान मुलं आजूबाजूला घडलेल्या वाईट गोष्टीचं खापर पुष्कळदा स्वतःवर फोडून घेतात. मोठ्यांनी विषय बंद केला, तर ते चुकीचं गणित तपासायला कोणी उरत नाही. तिच्याकडून हा प्रश्न विचारून घेणारी मी कोणी तज्ज्ञ नव्हते. दोघींचे हात कामात होते, नजरा खाली होत्या, आणि घाई कोणालाच नव्हती.

आठवण जागी झाली की काही काळ ती बदलण्याजोगी होते, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं आहे. करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे दाखवलं. उंदराला भीतीच्या आवाजाची आठवण करून दिली आणि लगेच अमिग्डालात प्रथिनं बनणं रोखणारं औषध दिलं, तर ती भीती नंतर उरली नाही. आठवण जागी न करता औषध दिलं, तर काही फरक पडला नाही. माणसांबाबतचे निष्कर्ष अजून एकसारखे नाहीत, त्यामुळे आत्याच्या मेंदूत त्या दुपारी हेच घडलं असं मी म्हणणार नाही.

आता हे वाचून कोणी आपल्या आईला किंवा मावशीला समोर बसवून "बोल, मोकळी हो" असा आग्रह धरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायची पद्धत एके काळी फार चालली. ब्रिटनमध्ये रस्ते अपघातातल्या जखमींवर ती तपासली, तेव्हा सुरुवातीला फार हादरलेली जी माणसं या बैठकीला बसली होती, ती तीन वर्षांनंतरही, न बसलेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत होती. जॉर्ज बोनॅनो यांचं संशोधन सांगतं की जवळचं माणूस गेल्यावरही पुष्कळ जण फारसे न कोलमडता सावरतात. त्यांच्या शांतपणामागे काही दडलंच असेल, असं धरून चालू नये. आणि जे आठवतच नाही ते उकरून काढून देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहावं. सूचनेने खोट्या आठवणी रुजवता येतात, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांनी प्रयोगांनी दाखवून दिलं आहे.

पण दचकून जाग येणं, एखादी जागा किंवा दिवस वर्षानुवर्षं टाळणं, तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणं असं असेल, तर वहीवर भागवू नये. आघातावर काम करणारी, टप्प्याटप्प्याने चालणारी मानसोपचार पद्धती उपलब्ध आहे आणि तिचा उपयोग चांगला तपासलेला आहे. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक 14416, दिवसरात्र, अनेक भारतीय भाषांत.

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून यांनी १९९६ मध्ये आघातानंतरची वाढ मोजायला 21 विधानांची प्रश्नावली केली. नात्यांमधली जवळीक, स्वतःच्या बळाची जाणीव, आयुष्याची किंमत कळणं, अशा गोष्टी त्यात आहेत. माणसं स्वतःच सांगतात ती वाढ कितपत खरी, यावर वाद आहे आणि तो रास्त आहे. त्यांच्याच मांडणीतली एक गोष्ट मला पटते. वाढ झाली म्हणजे वेदना गेली असं नाही, दोन्ही एकाच घरात राहू शकतात.

आत्याची झोप डिसेंबरात अजूनही बिघडते, पण पोटाच्या गोळ्या तिने डॉक्टरांना विचारून कमी केल्या आहेत. कधी कधी ती माझ्या बाबांशी बाळूकाकाविषयी बोलते. सख्खी भावंडं असून दोघं त्याच्याविषयी कधी एक शब्द बोलली नव्हती. बाबा तेव्हा पाच वर्षांचे होते. त्यांना फक्त एवढंच आठवत होतं की त्या दिवशी त्यांना कोणी जेवायला वाढलं नाही. आत्याने सांगितलं, "मी वाढलं होतं रे. तू अर्धी वडी खाऊन झोपलास."

या वर्षी उत्तरायणाच्या दिवशीही ती खालीच होती. अंधार पडला, आरोळ्या थांबल्या, कोणीतरी पतंगाच्या दोऱ्याला तुक्कल, म्हणजे मेणबत्तीचे कागदी कंदील, बांधून सोडले, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. कठड्यापासून चार हात लांब तिने खुर्ची मागितली. कठडा आता चारही बाजूंना आहे. शाल गुंडाळून ती वर सरकणाऱ्या कागदी दिव्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाळूला मेणबत्ती लावू द्यायचे नाहीत. लहान होता ना."