ऐकू येतं, पण शब्द लागत नाही

पीककर्जाच्या नव्या-जुन्याचे दिवस आले की मराठवाड्यातल्या कुठल्याही बँकेत एक बोलणं हमखास कानावर पडतं. "मामा, किती येळा सांगू, इथं सही करा!" मामा कपाळाला आठ्या घालतात, "वरडता कामून? ऐकू येतंय मला." मागे रांगेत कुणीतरी पुटपुटतं, "सोंग हाय सगळं. सोयीचं तेवढं बरोबर ऐकतंय म्हातारं."

या रागामागचा तर्क वरवर बिनतोड वाटतो. हळू बोललं तर यांना कळत नाही, मोठ्यानं बोललं तर त्रास होतो. बाहेर उभ्या ट्रॅक्टरचा आवाज ओळखतात, पण दोन हातांवरच्या माणसाचं बोलणं समजत नाही. बहिरा माणूस असा असतो का? असाच असतो. कानाच्या आत काय बिघडलं आहे, ते या तक्रारींतूनच नेमकं कळतं.

आतल्या कानात कॉक्लिया नावाची द्रवानं भरलेली नळी असते. अडीच वेढे घेतलेली, आणि सरळ केली तर जेमतेम 35 मिलिमीटर भरेल एवढी. तिच्या लांबीभर एक पातळ पडदा ताणलेला असतो. उंच पट्टीचे बारीक आवाज हा पडदा सुरुवातीपाशीच हलवतात, खालच्या पट्टीचे जाड आवाज पार शेवटापर्यंत पोचतात. ही धावती लाट दाखवून दिल्याबद्दल जॉर्ज फॉन बेकेशी यांना 1961 चं नोबेल मिळालं. पण त्यांनी ती मृत माणसांच्या कानांत पाहिली होती, आणि तिथं ती फार पसरट दिसत होती. जिवंत माणूस तर अगदी जवळजवळचे दोन स्वरही वेगळे ओळखतो. मग ही धार येते कुठून?

थॉमस गोल्ड या तरुण शास्त्रज्ञानं 1948 मध्येच उत्तर सुचवलं होतं: कान आलेल्या कंपनात स्वतःची ऊर्जा घालत असला पाहिजे. आणि तसं असेल तर कानातून कधीतरी आवाज बाहेरही आला पाहिजे! तेव्हा कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. तीस वर्षांनी, 1978 मध्ये, डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये कानाच्या तोंडाशी बारीक मायक्रोफोन ठेवला, कानात 'टिक्' असा आवाज सोडला आणि काही मिलिसेकंदांनी कानानं परत पाठवलेला क्षीण आवाज पकडला. नवजात बाळाची श्रवणचाचणी आज पुष्कळदा याच आवाजावर होते. निजलेल्या बाळाच्या कानाला नळी लावायची आणि कान काही बोलतो का ते पाहायचं. इतकं सुंदर तंत्र वैद्यकात फार थोडं आहे.

कंपनात ऊर्जा घालण्याचं हे काम करतात त्या बाह्य केसपेशी, टोकाला केसांसारखे बारीक तंतू असलेल्या. एका कानात त्या सुमारे 12,000 असतात, तीन रांगांत. मेंदूकडे खबर पोचवण्याचं काम मुख्यतः दुसऱ्याच, आतल्या रांगेतल्या सुमारे 3,500 पेशी करतात. बाह्य केसपेशी चक्क लांब-आखूड होतात, तेही सेकंदाला हजारो वेळा. 2000 साली सापडलेलं प्रेस्टिन हे प्रथिन त्यांना तशी हालचाल करायला लावतं. झोका मागे येऊन वळला की त्याच क्षणी हलकासा धक्का द्यावा, तशा त्या पडद्याच्या कंपनाला ताल साधून बळ देतात. त्यामुळे बारीक आवाज 40 ते 60 डेसिबलनं वाढतो. दर 10 डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, म्हणजे 50 डेसिबल ही एक लाखपट वाढ झाली. मोठ्या आवाजाला मात्र त्या जवळजवळ हात लावत नाहीत.

आता या पेशी मेल्या तर काय होईल? हळू आवाज गायब होतील, मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे लागतील. निरोगी कानाला ऐकू येणं सुरू होण्यापासून आवाज सोसेनासा होईपर्यंत साधारण 100 डेसिबलचं अंतर असतं. सुरुवात 60 वर सरकली आणि वरची मर्यादा तिथंच राहिली, तर उरतात 40. 'ऐकू येईना' आणि 'ओरडू नका' यांच्यात एवढीच जागा राहते. मामा दोन्ही वेळा खरंच बोलत असतात.

त्यात नळीच्या सुरुवातीच्या पेशी सगळ्यांत आधी जातात, म्हणजे उंच पट्टी जाते. आवाजानं खराब झालेल्या कानाच्या आलेखात 4,000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. ट्रॅक्टरच्या घरघरीचा आणि अ, आ, ओ अशा स्वरांचा जोर याच्या बराच खाली असतो, म्हणून ट्रॅक्टर ऐकू येतो, लांबून मारलेली हाकही ऐकू येते. स, श, फ यांची सळसळ मात्र उंच पट्टीत आणि नाजूक. 'साठ' आणि 'आठ' यांत फरक फक्त त्या सळसळीचा आहे, आणि कर्जाच्या कागदावर तो हजारांचा असतो. ओरडल्यानं वाढतो तो मुख्यतः स्वर, व्यंजन मागेच राहतं. वर बाह्य पेशींनी आणलेली धारही गेलेली असते. मग गोंगाटातून शब्द वेगळा काढता येत नाही, म्हणून घरात नीट बोलणारा माणूस एसटी स्टँडवर गडबडतो.

सोयाबीनच्या राशी करताना हडंब्यापाशी उभं राहणारे, जालन्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधले, लातूरच्या डाळमिलमधले कामगार, यांचे कान असेच झिजतात. वरातीतला डीजेही तेच करतो. क्षयरोगावर कॅनामायसिनची इंजेक्शनं घेतलेल्या पंचविशीतल्या पोराचंही असं होऊ शकतं, आणि त्याला तर कुणी 'म्हातारं झालंय' म्हणूनही समजून घेत नाही. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, माणसात नाही. त्यामुळे 'कानाची नस दबलीय' म्हणून लसणाचं तेल ओतणारे आणि पंधरा दिवसांत कान मोकळा करून देणाऱ्या थेंबांच्या जाहिराती, दोघंही लोकांचे पैसे आणि वेळ घालवतात. धड असलेल्या पडद्यापलीकडे तेल जातच नाही. पडदा फाटलेला असेल तर तेच तेल घात करतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. बोलण्याच्या वारंवारितांवर दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल घट असेल तर 'ऐकू कमी येणारा', 70 डेसिबल असेल तर 'कर्णबधिर'. ज्याची फक्त उंच पट्टी गेली आहे त्याचा आकडा पुष्कळदा इथवर पोचत नाही. मग प्रमाणपत्रही मिळत नाही आणि चेहऱ्यावर काही दिसतही नाही.

चांगलं श्रवणयंत्र हळू आवाज जास्त वाढवतं आणि मोठा आवाज फारसा वाढवत नाही, म्हणजे मेलेल्या पेशींचं अर्धं काम करतं. धार मात्र त्याला परत आणता येत नाही. म्हणून मशीन लावलेला माणूसही बाजारात 'काय म्हणालात?' विचारतो, आणि लोकांना वाटतं की मशीन दिखाव्यालाच आहे. काउंटरवरच्या माणसानं संगणकाकडे पाहत न बोलता तोंड समोर धरलं तर ओठांवरून बरंच समजतं, कारण 'फ' आणि 'स' कानाला सारखे लागले तरी ओठांवर वेगळे दिसतात. आकडा असेल तर तो कागदावर लिहून दाखवावा. साठ की आठ हा प्रश्न तिथंच मिटतो.