चेतापेशीतलं कॅल्शियम: चालना किती, ओझं किती

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा लागते सुमारे २० टक्के. चेतापेशीत एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा, फारसा साठा नसतो. काम वाढलं की उत्पादन लगेच वाढवावं लागतं. काम वाढल्याची वर्दी मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीतल्या एटीपी बनवणाऱ्या वीजघरांना, कॅल्शियम देतं. (कॅल्शियमच्या गोळ्यांचा इथे संबंध नाही, रक्तातली पातळी शरीर काटेकोरपणे राखतं.)

शांत चेतापेशीत मोकळं कॅल्शियम १०० नॅनोमोलरच्या आसपास असतं, बाहेर त्याच्या सुमारे दहा हजार पट. विद्युत संदेश आला की वाहिन्या उघडतात आणि ते आत घुसतं. मायटोकॉन्ड्रियाचा गाभा (आतल्या पटलाच्या आतला भाग) बाहेरच्या तुलनेत १५० ते १८० मिलिव्होल्ट ऋण असल्याने त्यातलं काही तिकडे खेचलं जातं. मुख्य वाट एमसीयू (मायटोकॉन्ड्रियल कॅल्शियम युनिपोर्टर) या आतल्या पटलातल्या वाहिनीची. तिचं प्रथिन २०११ मध्ये सापडलं. एमआयसीयू१ हे प्रथिन तिला एरवी बंद ठेवतं. मायटोकॉन्ड्रियाबाहेरची, पेशीतली कॅल्शियमची पातळी पुरेशी चढली की ती उघडते.

गाभ्यातलं कॅल्शियम स्वतः ऊर्जा देत नाही. ते पायरुव्हेट, आयसोसायट्रेट आणि अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमांना वेग देतं. इलेक्ट्रॉन वाहून नेणारं एनएडीएच वाढतं, त्या इलेक्ट्रॉनांवर चालणाऱ्या आतल्या पटलातल्या श्वसनसाखळीला ते जास्त मिळतात, एटीपी वाढतं.

गोम अशी, की प्रत्येक कॅल्शियम आयन दोन धनभार घेऊन येतो. ज्या विद्युतदाबावर (वरचे १५० ते १८० मिलिव्होल्ट) एटीपी बनतं, तोच दाब त्याने घटतो. त्यामुळे येऊन ओसरणारी लाट परवडते, रेंगाळणारी नाही.

मायटोकॉन्ड्रिया किती कॅल्शियम साठवू शकतात याला मर्यादा आहे, हे प्रयोगशाळेत सरळ दिसतं. सुट्या केलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या द्रावणात कॅल्शियमला चिकटून चमकणारा, पण आत न शिरणारा रंग घालतात आणि ठरावीक अंतराने कॅल्शियमच्या छोट्या मात्रा देतात. दर मात्रेला चमक चढते, कॅल्शियम शोषलं गेलं की उतरते. मग एका मात्रेनंतर ती उतरतच नाही, उलट झपकन वर जाते: आतल्या पटलात छिद्र उघडून साठवलेलं सगळं बाहेर सांडलेलं असतं. मायटोकॉन्ड्रिया वेगळे करताना वापरलेलं ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) नीट धुतलं नाही, तर तेच सुरुवातीच्या मात्रा गिळतं आणि साठवणक्षमता फसवी जास्त भरते.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा चेतापेशींमधला संदेशवाहक रेणू ग्लुटामेट पेशींबाहेर साचतो, त्याचे ग्राही (तो चिकटला की उघडणारी पटलातली प्रथिनं) उघडेच राहतात आणि कॅल्शियम आत येतच राहतं. छिद्र उघडलं की दाब कोसळतो, एटीपी बनवणारं यंत्र उलटं फिरून उरलंसुरलं एटीपीच खाऊ लागतं. रक्त परतलं तरी धोका टळत नाही: ऑक्सिजनसोबत मुक्त मूलकं (पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) वाढतात, आणि त्यांच्या माऱ्यात तेच छिद्र कमी कॅल्शियमवरही उघडतं.