कोरड पडलेल्या पिकाला तगवणारे जिवाणू: हा विषय उभा कसा राहिला

पाण्याचा ताण सोसायला पिकाला मदत करणारे जिवाणू कुणी दुष्काळ डोळ्यांसमोर ठेवून शोधायला घेतले नव्हते. नत्र, रोगनियंत्रण आणि फळे पिकवणारा एक वायू या तीन वेगळ्या वाटांवरचे काम बऱ्याच उशिरा एकत्र आले. हे समजून घेतले नाही, तर या जिवाणूंकडून नको त्या अपेक्षा ठेवल्या जातात.

पहिली वाट नत्राची. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू वेगळे केले. आठच वर्षांत, १८९६ मध्ये, जर्मनीच्या फ्रीडरिश नोब्बे आणि लोरेंझ हिल्टनर यांना अशा संवर्धकाचे, म्हणजे बियाण्याला लावायच्या जिवंत जिवाणूंच्या मिश्रणाचे, पेटंट मिळाले. जिवाणू बाहेर वाढवून बियाण्याबरोबर शेतात नेता येतात, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. १९०४ मध्ये हिल्टनर यांनीच मुळाभोवतीच्या सजीव मातीला ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिले. पुढे सोव्हिएत संघात अ‍ॅझोटोबॅक्टर आणि बॅसिलस मेगाटेरियम हे जिवाणू फार मोठ्या क्षेत्रावर वापरले गेले. उत्पादनवाढीचे दावे झाले, पण इतरत्र तसे परिणाम खात्रीने मिळाले नाहीत आणि जिवाणू खतांविषयी संशय मागे उरला.

१९७८ साली दोन गोष्टी घडल्या, एकीचा दुसरीशी काही संबंध नसताना. कॅलिफोर्नियातील जोसेफ क्लोपर आणि मिल्टन श्रॉथ हे मुळांवर ठाण मांडून झाडाची वाढ सुधारणाऱ्या जिवाणूंचा एक वेगळा गट म्हणून विचार मांडत होते. त्यांचा भर रोगकारक सूक्ष्मजीवांना रोखण्यावर होता. त्याच वर्षी जपानमध्ये मामोरू होन्मा आणि तोकुजी शिमोमुरा यांना एका स्यूडोमोनास जिवाणूत एसीसी नावाच्या अमिनो आम्लाचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) सापडले. शेतीशी त्याचे नाते तेव्हा दिसत नव्हते. पुढच्याच वर्षी डग्लस अ‍ॅडम्स आणि शांग फा यांग यांनी दाखवले, की झाडे इथिलीन, म्हणजे फळे पिकवणारा तो वायू, तयार करतात ते याच एसीसीपासून.

या विषयाची किल्ली इथिलीनच आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. रशियात दिमित्री नेल्युबोव यांनी १९०१ मध्येच दाखवले होते, की दिव्यांच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात ती त्यातल्या इथिलीनमुळे. झाड स्वतःही हा वायू तयार करते, हे १९३४ मध्ये सिद्ध झाले. पाणी कमी पडले की झाडात एसीसी वाढते, त्यापासून इथिलीन बनते. मग मुळांची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, फुलगळ होते. बचावासाठीची ही प्रतिक्रिया फार लांबली की पिकाला महागात पडते. १९९८ मध्ये कॅनडाच्या बर्नार्ड ग्लिक आणि सहकाऱ्यांनी धागे जुळवले: मुळांतून थोडे एसीसी बाहेर झिरपते, मुळावरचे जिवाणू ते नत्रासाठी वापरून टाकतात, आणि झाडातले इथिलीन कमी राहते.

मग मात्र नजर रखरखीत जमिनींकडे वळली. २००४ मध्ये शिमॉन मायाक, त्सिपोरा तिरोश आणि ग्लिक यांनी इस्राएलच्या कोरड्या अरावा भागातून मिळवलेला अ‍ॅक्रोमोबॅक्टर पिशॉडी हा जिवाणू टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांवर वापरला. ताण पडलेल्या रोपांचे वजन जास्त भरले, पाणी पुन्हा मिळाल्यावर ती लवकर सावरली. या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद अशी: ताणाच्या काळात पानांतील पाण्याचे घटते प्रमाण जिवाणूने रोखले नाही. म्हणजे त्याने पाणी आणले नाही, वाचवलेही नाही. ताणाला झाड देत असलेला प्रतिसाद सौम्य केला. जिवाणूचे पाकीट विकताना ही गोष्ट ठळकपणे सांगितली गेलीच पाहिजे.

सगळे जिवाणू याच मार्गाने चालतात असे नाही. माती सुकू लागली की काही जिवाणू स्वतःभोवती चिकट शर्करायुक्त द्रव्य सोडतात. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेतील २००९ च्या कामात असे द्रव्य सोडणाऱ्या स्यूडोमोनास पुटिडामुळे सूर्यफुलाच्या रोपांच्या मुळांना जास्त माती धरून राहिली आणि ताणातही अधिक रोपे तगली. स्वीडनमध्ये साल्मे टिमुस्क यांनी १९९९ मध्येच पेनीबॅसिलस या जिवाणूमुळे झाडातील ताणाशी निगडित जनुक जागे होते, असे दाखवले होते.

यातले बरेचसे निष्कर्ष कुंड्यांमधले आहेत. शेतात आणलेल्या जिवाणूला आधीपासून तिथे असलेल्या असंख्य जिवाणूंमध्ये जागा मिळवावी लागते, आणि त्याआधी साठवणुकीतली उष्णता सोसावी लागते. बॅसिलस बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपे, करून तग धरतो. स्यूडोमोनासला ती सोय नाही. त्यामुळे प्रयोगात सरस ठरलेला जिवाणू बाजारातही सरस ठरेलच असे नाही.

अलीकडे प्रश्नच बदलतो आहे. २०१८ मध्ये ज्वारीवरील अमेरिकी अभ्यासात दिसले, की पाणी तुटले की मुळांवर जाड पेशीभित्तिकेच्या, एकच पेशीपटल असलेल्या जिवाणूंचे, विशेषतः अ‍ॅक्टिनोबॅक्टेरियांचे, प्रमाण वाढते आणि त्याच वेळी झाडाच्या चयापचयातही बदल होतात. त्यामुळे बाहेरून एखादा जिवाणू आणून सोडण्याबरोबरच, पीक ताणात असताना कोणाला जवळ करते आणि ती निवड वाणानुसार बदलते का, याचाही शोध आता घेतला जातो आहे.