चिरा म्हणजे दगडाचं उरलंसुरलं

गेल्या उन्हाळ्यात बेळगावच्या शहापुरातलं आमचं जुनं घर पाडलं. बाबांचा विरोध होता, त्यांचं एकच पालुपद, "दगडी भिंत हाय ती, दगडाला काय हुतंय?" वाद कोण घालणार त्यांच्याशी. पण जेसीबीनं भिंत ओढली तसा एक चिरा माझ्या पायाशी येऊन फुटला, बाहेरून काळपट नि कडक, आतून पिवळा-तांबडा, नुसती भोकं, आणि त्या भोकांत पांढरट माती जी नखानं खरवडली तरी निघत होती.

हा आपला जांभा. गंमत म्हणजे हा मुळात दुसऱ्याच दगडाचं उरलंसुरलं आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जो लाव्हा थरावर थर पसरला त्याच्या दक्षिणेकडच्या कडेला आपलं बेळगाव, आणि त्या लाव्हाचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. मग त्याच्यावर पाऊस पडत राहिला. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो नि पाणी किंचित आंबट होतं, सोड्याच्या बाटलीसारखं पण खूपच फिकं. एवढंसं आंबट पाणी लाखो वर्षं मुरत राहिलं की कातळातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी निघून जातं, मागोमाग सिलिकाही (वाळूत असते ती) बरीच जाते. लोखंड आणि ॲल्युमिनियम मात्र सहजासहजी विरघळत नाहीत, ते मागं राहतात. लोखंड गंजतं, म्हणून लाल रंग. थोडक्यात आम्ही दोन पिढ्या गंजाच्या घरात राहिलो! जिथं ॲल्युमिनियम जास्त साठतं ते बॉक्साइट, बेळगावात अल्युमिनाचा (ज्यापासून ॲल्युमिनियम बनवतात त्या भुकटीचा) कारखाना उभा राहिला तो याच्याच जोरावर.

खाणीतून काढताना चिरा ओलसर आणि इतका मऊ असतो की पूर्वी लोक हातानं तासायचे, आता मशीनचं गोल पातं फिरतं. वर काढून उन्हावाऱ्यात ठेवला की पाणी उडतं, लोखंडाची संयुगं घट्ट होतात आणि चिरा कडक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या साहेबानं 1807 साली केरळातला असाच दगड बघून त्याला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात त्यावरून.

आता बाबांचं. त्यांच्याच डोळ्यांदेखत या घराची खापरं जाऊन खानापूरची कौलं आली, मग मागं पत्रे, मग न्हाणीवर स्लॅब, तरी "आता घर हाय असंच ऱ्हाणार". पण हे बाबांचंच नाही हं. 2013 साली 'सायन्स' जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, 18 ते 68 वयाचे 19 हजारांहून जास्त लोक, त्यांतल्या काहींना विचारलं की मागच्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि काहींना, की पुढच्या दहांत किती बदलाल. मागचा बदल सगळ्यांना भरपूर दिसला. पुढं? "आता काय, आता आहे असाच राहणार." विशीतली पोरंही हेच म्हणत होती आणि साठीतले लोकही.

बाबांनी एक चिरा मात्र टाकू दिला नाही, नवीन घराच्या दारात तुळशीखाली बसवलाय. पावसाळ्यात त्याच्याखालून पांढऱ्या फरशीवर तांबडा ओघळ येतो, आई ब्रशनं घासून काढते, आणि रात्री सर पडली की सकाळी परत तिथंच.