टेक्स्ट एडिटरमधील हायलाइट आणि स्क्रिप्टचे शॉर्टकट

टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलेल्या मजकुरातले हवे ते शब्द किंवा ओळी, स्वतः लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टच्या मदतीने एका कळीसरशी रंगवण्याची सोय. सिंटॅक्स हायलाइटिंगपासून ती वेगळी धरावी लागते. सिंटॅक्सचे रंग प्रोग्रामिंगच्या भाषेचे व्याकरण दाखवतात. इथले रंग वाचणारा या घडीला काय शोधतो आहे ते दाखवतात आणि काम झाले की पुसले जातात. मूळ फाइलमधले एक अक्षरही बदलत नाही.

तिचा खरा उपयोग कळतो तो लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रामने आपल्या कामाच्या नोंदी लिहिलेली फाइल, वाचताना. हजारो ओळींत प्रोग्रामकडे आलेल्या अनेक विनंत्यांच्या नोंदी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एका विनंतीच्या क्रमांकावर कर्सर नेऊन कळ दाबली, की तो क्रमांक सगळीकडे पिवळा. दुसरी कळ दाबली, की दुसऱ्या विनंतीचा निळा. मग कोणती विनंती कुठे अडकली ते फाइल खाली सरकवतानाच दिसते. नुसत्या सर्चने हे साधत नाही, कारण नवा शब्द शोधला की आधीच्याचा रंग जातो.

ब्राम मोलेनार यांच्या व्हिम या एडिटरमध्ये (१९९१) यासाठी ‘मॅचअ‍ॅड’ हे फंक्शन आहे. त्याला रंगगटाचे (नाव देऊन ठरवलेल्या रंगशैलीचे) नाव आणि पॅटर्न (शोधायच्या मजकुराचा नमुना) दिला, की ते एक क्रमांक परत देते. हा क्रमांक स्क्रिप्टने जपून ठेवायचा. रंग काढताना ‘मॅचडिलीट’ला तोच लागतो. एकाच कळीने रंग चढावा आणि उतरावा, ही सोय या क्रमांकावरच उभी असते. एक गोष्ट मात्र नवख्याला हमखास चकवते: थीम (एडिटरची रंगसंगती) बदलली की आपण बनवलेला रंगगट नाहीसा होतो, कारण बहुतेक थीम सुरुवातीलाच जुने रंग साफ करतात. म्हणून रंगगटाची व्याख्या थीम बदलल्यावर आपोआप चालणाऱ्या आज्ञेत, म्हणजे ऑटोकमांडमध्येही ठेवावी.

ईमॅक्स या एडिटरचा हाय-लॉक मोड मात्र, सांगितले तर, पॅटर्न त्याच फाइलमध्ये कॉमेंट (प्रोग्राम चालताना वगळली जाणारी टीप) म्हणून लिहून ठेवू शकतो. नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये पाच रंगांच्या तयार शैली आहेत. त्यांना कळी नेमून दिल्या तर स्क्रिप्टही लागत नाही.

देवनागरी मजकुरासाठी पॅटर्न लिहिताना जास्त जपावे लागते. नुसता ‘कर’ दिला तर ‘लवकर’ आणि ‘करण’ही रंगतात, म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंना सीमा हवी. पण जावास्क्रिप्टची शब्दसीमेची खूण फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर ओळखते. व्हीएस कोड या एडिटरची एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) बहुतेक याच भाषेत किंवा टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिली जात असल्याने तिथे सीमा आपणच बांधावी लागते: शब्दाच्या आधी वा नंतर युनिकोडचे (जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचे) अक्षर नको आणि मात्राही नको. दुसरी अट राहून गेली, तर ‘करी’ या शब्दातही ‘कर’ सापडतो, कारण युनिकोडच्या लेखी वेलांटी हे अक्षर नसून अक्षराला जोडलेली खूण आहे.